नाव काढलं

"घास, आणखी घास," सरपंच इंद्रभान म्हणाला. "वाचता येऊन राह्यलं अजून."

सर्जेरावानं रेजमालाचा खरखरीत कागद पाण्यात बुडवला आणि नावेच्या निळ्या कुशीवर पुन्हा हात चालवला. पांढरा रंग कधीच निघाला होता, पण शब्द जात नव्हता. बाकीच्या फायबरला उन्हानं फिकं केलं होतं. अक्षरांखालचा निळा मात्र तसाच गडद होता. रंग काढल्यावर 'महारवाडा' उलट जास्तच उठून दिसायला लागला.

हा शब्द सरकारी रंगाऱ्यानं लिहिला होता. वस्तीनं बौद्ध धर्म घेऊन वीसच्या वर वर्षं झाली, पोरं बुद्धवंदना म्हणत मोठी झाली, तरी कागदाला तेवढाच शब्द ठाऊक. काही वर्षांमागं ही नाव आली तेव्हा सर्जेरावानं तो गिळला. कारण त्याच्या आदल्याच पावसाळ्यात त्याची भावजय द्वारकाबाई पूर्णेच्या काठावर अडून मेली होती. बाळ आडवं, नदी भरलेली, दवाखाना पल्याड. तिच्या मढ्यावर अर्ज करकरून वस्तीला ही नाव मिळाली.

आता पोरगी बेबीनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. आपली लेक ह्या शब्दात बसून पल्याड जाणार न्हाई, हे सर्जेरावानं ठरवून टाकलं होतं. तिथं भीमनगर लिहायचं. जयंतीच्या भिंती तोच रंगवायचा.

गाव आडवं येणार, हे त्यानं धरलंच होतं. वस्तीच्या तोंडाशी लावलेली भीमनगरची पाटी गावानं उखडून नदीत फेकली होती. फेकणाऱ्यांत इंद्रभानचा पुतण्या होता.

पण इंद्रभान स्वतः काठावर आला आणि म्हणाला, "उन्हात कशाला मरतो, सर्जेराव? माझ्या गोठ्यात आन. रॉकेल घे, रेजमाल घे. रंगाचा खर्चा बी माझा. नाव कसं मनासारखं पाह्यजे."

इंद्रभानच्या बैलगाडीवरून नाव भर गावातून त्याच्या गोठ्यात गेली. पारावरची माणसं उठून उभी राहून बघत होती. कोणी शिवी दिली नाही. कोणी हसलंही नाही.

दुपारी कांताबाई भाकरी घेऊन आली. नवऱ्याला गोठ्याबाहेर बोलावून घेतलं.

"अवो, तुम्हाला 'राव' म्हणला म्हणं त्यो?"

"म्हणला."

"बापजन्मी म्हणला का कधी?"

"जमाना बदलून राह्यला."

"जमाना बदलला आसंल. ह्यो न्हाई बदलला. त्याचा मोसंबीचा बाग पल्याड हाय. गेल्या साली नाव मागाया आल्ता, तुम्ही तोंडावर न्हाई म्हणले. इसरला आसंल का त्यो?"

"म्हणून तं गोड बोलून राह्यला. यंदा तरी द्यावं म्हणून." सर्जेराव हसला. "बघ तू. पोरीला मिरवत नेतो. दोन्ही काठांनी वाचावं."

"पोरगी आधी पल्याड जाऊ द्या. मंग मिरवा."

तो आत आला. इंद्रभान नावेच्या मागच्या टोकाशी उकिडवा बसला होता.

"हे आकडे बी घे," तो म्हणाला. "अर्धवट काम बिलकुल चांगलं दिसत न्हाई."

"सरकारी नंबर हाय, पाटील."

"मंग? नव्या रंगात टाक की परत. जुन्या रंगावर नवा धरत नसतो, तुला म्या सांगावं का?"

ते बराबर होतं. सर्जेरावानं आकडेही घासले. बोटांची कातडी निघाली, पाणी लालसर झालं. दिवस मावळता मावळता अक्षरांखालचा गडद निळाही निघाला, नाव कोरी झाली. हात फिरवला तरी कुठं काही लागत नव्हतं. इंद्रभाननंही हात फिरवून पाहिला. बराच वेळ फिरवला.

त्या रात्री वर कुठंतरी पाऊस झाला. सकाळी पूर्णा गढूळ होऊन चढत होती. सर्जेराव घाईनं गोठ्यात गेला आणि डब्यात ब्रश बुडवला. 'भीमनगर' लिहून झालं, अक्षरं अजून ओली होती, तोच बाहेर फटफटी थांबली. पावसाळ्याआधी सरकारी नावा तपासायला तालुक्याहून नवा साहेब आला होता. त्याच्यामागं इंद्रभान होता, आणि त्याच्यामागं अर्धं गाव.

"महारवाडा कुठे आहे?" साहेबानं विचारलं.

हा सवाल सर्जेराव उभा जन्म ऐकत आला होता. आज त्याच्या हातात ब्रश होता. तो ताठ उभा राहिला.

"इथं महारवाडा न्हाई साहेब. भीमनगर हाय."

साहेबानं नावेला चक्कर मारली. मागच्या टोकाशी वाकून पाहिलं. नंबर नव्हता.

"मग महारवाड्याला दिलेली सरकारी नाव कुठे आहे?"

"हीच की, साहेब..."

"साहेब, कोन्हाला बी इचारा," इंद्रभान शांतपणे म्हणाला. मागच्या माणसांनी माना हलवल्या. "माझ्या गोठ्यातली माझी नाव हाय ही. याला रंगवाया दिल्ती, तं यानं आपलंच नाव टाकलं."