पाठीमागचे कागद

कच्चा धागा उसवून मी सहाकोनी ठिगळामागचा कागद ओढला, तर त्यावर माझ्या लेकीचं, शालनचं अक्षर होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी शिवणवर्गात ही गोधडी शिकले होते. कागद सहा कोनांत कापायचा, त्यावर कापड दुमडून टाचायचं, ठिगळं जोडून झाली की कागद काढायचे. बाईंनी जाड कागद आणायला सांगितले, तेव्हा मी शालनची सासरहून आलेली निळी पत्रं नेली. मला वाचता येत नव्हतं. खुशालीचीच असणार, असं मनाला सांगितलं. खरं तर दुसरं काही निघालं, तर वाचून दाखवणाऱ्या शेजारणीला कळेल, याची धास्ती होती. गोधडी अर्धीच ट्रंकेत राहिली.

आता शालनच्या लेकीला बाळ झालं, म्हणून ती पुरी करायला घेतली. अक्षरं मी गेल्याच वर्षी शिकले. एकेक लावत मोठ्याने वाचलं, "आई, मला न्यायला ये."

समोर बसलेल्या शालनने दोऱ्याला मारायची गाठ तशीच धरली. "मिळालं म्हणायचं एकदाचं पत्र," ती हसून म्हणाली.

"शाले, मी ते..."

"दिवाळीपर्यंत वाट बघितली गं. मग खुशालीचंच लिहीत गेले. तू ओढ पुढचे कागद, बाळ उद्या यायचंय."

मी पुढचा ओढला. "इकडे सर्व ठीक. काळजी नसावी."

तो मात्र मला मोठ्याने वाचवेना.