कुमुदच्या आवडीचं

माझ्या बायकोच्या, कुमुदच्या, तेराव्याला तिच्या नावाच्या पानात आवडीचं काय वाढायचं, असं माझ्या बहिणीनं, माईनं, विचारलं. मी लगेच म्हणालो, "जामचे पीळ. त्यात काय विचारायचं?" फाळणीनंतर उल्हासनगरचा सिंधी कॅम्प वसल्यापासून दर पावसाळ्यात कुमुद बदलापूरच्या जांभळांचा जाम करायची, मैद्याच्या पट्टीत भरून तिला पीळ द्यायची आणि पत्र्याचा ट्रे घेऊन कॅम्पातल्या लछमनदासच्या भट्टीवर भाजून आणायची.

बरणीत तिच्या हातचा जाम अजून होता. माईनं मैदा मळला, पीळ मी घातले. ट्रे घेऊन मीच भट्टीवर गेलो आणि लछमनदासला सांगितलं, की बाई गेली, हे तिच्या पानासाठी आहेत.

त्यानं ट्रे जवळ ओढला आणि एकेक पीळ बघितला.

"बाईसाठी? मग सगळ्यात जाम कशाला भरला, साहेब? बाई गोड खातच नव्हती. कोपऱ्यात दोन बिनजामचे ठेवायची, मीठ-जिरं लावून. इथंच बाकड्यावर बसून गरम गरम खायची. मी बोलायचो, घरी पण कर ना. तर बोलायची, साहेबांना गोडच लागतं."

मग म्हणाला, "थांबा, दोन खारे आत्ता करून देतो."

मी नको म्हणालो.



तेराव्याला कुमुदच्या पानात मी जामचेच पीळ वाढले. तिला काय आवडायचं हे मला भट्टीवाल्याकडून कळलं, असं माईला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?