दोघं आत, एक बाहेर

“हाही फोटो हललाच,” मास्तर म्हणाले आणि कॅमेरा त्यांनी बायकोकडे सरकवला.

पडद्यावर तपकिरी डाग होता, त्यामागे चार काळे ठिपके. आज तिसरा दिवस. तळ्यातली फटाकडी रोज पिल्लं घेऊन लव्हाळ्यातून बाहेर येत होती आणि रोज मास्तरांचं बोट बटणावर थरथरत होतं. उद्या त्यांना दवाखान्यात भरती व्हायचं होतं. परत घरी कधी, असं तिनं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी फाइल मिटली आणि चष्मा पुसायला घेतला.

चाळीस वर्षं या पाखरानं मास्तरांना झुलवलं होतं. नाव फटाकडी, पण पान हललं तरी गुडूप. मास्तरांची युक्ती ठरलेली. गोणपाटाच्या लपणात दोघांनी शिरायचं आणि थोड्या वेळानं एकानं निघून जायचं. पाखराला मोजता येत नाही. माणूस जाताना दिसला, की त्याला वाटतं लपण रिकामं झालं. निघून जाणारी नेहमी तीच. संसारभर ती बांधावरून चालत गेली आणि रस्त्याकडेला स्वेटर विणत बसली. पाखरू तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

“पुरे झालं. घरी चला,” ती म्हणाली. “हट्टालाही काही वय असतं.”

“आज मी जातो. तू बस.”

“दहा पावलं चालवत नाही तुम्हाला.”

“वीस चालतो. तुझा एक टाका कधी वाकडा गेला नाही. बटण तू दाब.” काठी चाचपत ते उठले. “आणि हाका मारू नकोस. जाणाऱ्यानं मागे बघायचं नसतं, माहीत आहे ना?”

काठीचा आवाज लांब गेला. तिनं डोळा कॅमेऱ्याला लावला. बराच वेळ नुसतं पाणी. मग लव्हाळं हललं. आधी चोच, मग लाल पाय, मग रांगेनं चार पिल्लं. तिनं श्वास धरला, बटण दाबलं. चोचीवरचा थेंबसुद्धा लख्ख आला.

“अहो,” असं ओठांपर्यंत आलं. तिनं ते गिळलं.

बांध वळसा घालून तळ्यापलीकडे गेला होता. पाखराच्या मागे, दूर, एक वाकलेली पाठ हळूहळू लहान होत चालली होती. एकदाही वळली नाही.

पाखरू निर्धास्त चरू लागलं. त्याला मोजता येत नव्हतं.

तिला येत होतं.