माध्यान्हीचा आकडा

जवळ सरका, बाबांनो. समुद्रावरच्या दोन भल्या माणसांची गोष्ट सांगतो.

पाण्याच्या शेवटच्या पिंपाला दुय्यम कप्तान आनाक्लेतोनं कुलूप घातलं, तेव्हा सूर्य माथ्यावर येत होता. अमेरिकेहून ब्रावा बेटाकडे, म्हणजे घरीच, निघालेलं शिडाचं गलबत. बेट एव्हाना दिसायला हवं होतं. ते हुकलं तर पुढे थेट ब्राझीलपर्यंत नुसतं खारं पाणी.

"काय हो न्यो कप्तान, ब्रावाला पाय फुटले की काय?" म्हाताऱ्या बिबियानानं कप्तानाच्या खोलीकडे तोंड करून विचारलं. 'न्यो' म्हणजे तिकडचं 'राव'. उतारू हसले, पण सुकलेल्या ओठांनीच.

कप्तान तेओफिलो कठड्याला धरून सावकाश वर आला. दोघांनी सूर्य मोजायची आपापली यंत्रं डोळ्याला लावली. माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून किती वर, यावरून गलबत किती उत्तरेला आहे ते कळतं. रीत अशी, की तो उत्तरेचा आकडा धाकट्यानं आधी सांगायचा. थोरल्याची नक्कल व्हायला नको.

आनाक्लेतोला मात्र सूर्य मोजताच येत नव्हता. वादळात त्याच्या यंत्राचा आरसा निखळला होता. नुकताच दुय्यम झालेला माणूस; लाजेनं बोलला नाही. गलबत दक्षिणेकडे चाललेलं, म्हणून कालच्या आकड्यातून अंदाजानं थोडं कमी करायचा नि सांगून टाकायचा. चुकलो तर न्यो तेओफिलो कान धरतीलच, हा भरवसा. पण कप्तान दर वेळी म्हणायचा, "माझाही तोच." मग आनाक्लेतो मनोमन मारियामाऊलीचे पाय धरायचा. तीच आकडा सुचवत असणार, दुसरं काय?

आज ऐन वेळी ढग आडवा आला. कप्तानाचं यंत्र तसंच वर होतं. आनाक्लेतोनं आकडा सांगितला.

"माझाही तोच," कप्तान म्हणाला.

पुढे दोन दिवसांनी बिबियाना गेली. शिडाच्या कापडात गुंडाळून तिला पाण्यात सोडलं. भजन म्हणायला निम्म्यांच्या घशातून आवाजच फुटेना.

आनाक्लेतोला आता राहवेना. कप्तानाच्या खोलीत जाऊन त्यानं तो निखळलेला आरसा पुढे धरला.

"न्यो तेओफिलो, हे बघा."

कप्तान त्याच्या आवाजाकडे वळला. हात हवेत चाचपडला.

"काय आहे, हातात दे बाबा. जन्मभर सूर्याकडे बघून डोळे गेले. बंदर सोडल्यापासून मला ऊनसुद्धा दिसत नाही. कुणाला सांगू नकोस. तुझ्या आकड्यावर तर गलबत आणलंय इथवर."

बाबांनो, आज प्रार्थनेला बसाल तेव्हा त्या गलबतातल्या माणसांची आठवण ठेवा.