डाव्या पायाची पट्टी

सरावाला उतरण्याआधी मी क्रेप बँडेज मुद्दाम डाव्या पायाला बांधलं. दुखत होता उजवा घोटा. पण कबड्डीत पट्टी दिसली की समोरच्या नेमका तोच पाय धरतात.

चढाईला गेले तेव्हा सगळ्यांच्या नजरा डाव्या पायावर होत्या. कोपऱ्यातली सुवर्णा मात्र उजव्या पायाकडे बघत होती. गेल्या मोसमात तिच्याच पकडीत हा घोटा मोडला होता. तिला मी काय फसवणार?

तिने झेप घेऊन उजवा घोटाच धरला. माझा दम तुटायची वेळ आली, आणि अचानक तिची बोटं सैल झाली. मी मध्यरेषा ओलांडली. गुण मिळाला, पण मला चैन पडेना. बँडेज सोडून उजव्या पायाला बांधलं आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"का सोडलंस?"

"अजून दुखतोय ना गं तुला."

"दुखतोय. पण रविवारी निवड चाचणीत मला कोण सोडणार आहे? परत चढाईला येतेय. आता धर."

ती कोपऱ्यात जाऊन वाकली. या वेळी तिने नजर उजव्या पायावरच्या पट्टीवरच रोखली.