देखरेखीची मुदत

“मॅडम, मी परत चोरी केली.”

बाल न्याय मंडळाच्या व्हरांड्यात शेफालीनं आजूबाजूला पाहिलं आणि साईनाथला खांबाआड ओढलं. सुनावणी सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. त्याच्यावरची देखरेख आज संपायची होती, आणि या कार्ट्याला नेमका आजचाच मुहूर्त सापडला होता.

“कुठं? स्वारगेटला?”

“न्हाई. आजींच्या घरात. सोन्याची साखळी.”

“कुठं आहे ती?”

“इकली.”

“कुणाला?”

साईनाथ चपलांकडं बघत राहिला. शेफालीला रडूच यायचं बाकी होतं. स्वारगेटच्या स्टँडवर प्रवाशांचे मोबाइल मारताना हा मुलगा पुन्हापुन्हा सापडला, तेव्हा सगळे म्हणाले होते, सुधारगृहात पाठवा. परिविक्षा अधिकारी म्हणून तिनंच हट्ट धरला आणि त्याच्यासाठी घर शोधलं. शुक्रवार पेठेतल्या सरोजिनी दातार. पोस्टातून निवृत्त, एकट्या, जिभेला भलतीच धार. पहिल्या दिवशी त्यांनी साईनाथला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं होतं, “चोरी येते, ते कळलं. भांडी घासता येतात का?”

गेलं वर्षभर तो भांडी घासत होता, आयटीआयला जात होता, आणि आजी त्याच्या पोळ्यांच्या आकाराला रोज नावं ठेवत होत्या. शेफाली दर महिन्याला त्या घरी जायची आणि परत येताना उगाचच खूश असायची.

“आज सुटला असतास रे,” ती म्हणाली. “संध्याकाळी हडपसरला मामाकडं पोचला असतास. आता आणखी एक वर्ष देखरेख मागता येईल, पण आजी तुला ठेवून घ्यायला तयार असतील तरच. नाहीतर थेट सुधारगृह. मागच्या भेटीत दोघांना समोर बसवून सांगितलं होतं ना मी?”

“व्हय.”

“मग? घरात चोरी करणाऱ्याला कोण ठेवून घेईल?”

साईनाथचा चेहरा उतरला. “इचारून तर बघा त्यांना,” तो पुटपुटला.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि आजी उतरल्या. ठेवणीतली साडी, हातात डबा. त्यांनी तो साईनाथच्या हातात कोंबला. “काही न खाता निघालास सकाळी. तिकडं बाकावर बसून खा. आणि सांडू नकोस, सरकारी फरशी आहे.”

शेफालीचा जीव तुटला. या बाईला आता सांगायचं कसं? तिनं आजींना बाजूला घेतलं.

“आजी, एक वाईट बातमी आहे.”

“थांब, आधी माझं ऐक.” आजींचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. “मला तक्रार करायची आहे. या मुलानं माझ्या घरात चोरी केली. मंडळासमोर तसं सांगणार आहे मी.”

शेफालीची उरलीसुरली आशाही संपली. “मला माहीत आहे, आजी. त्यानं आत्ताच कबूल केलं.”

“कबूल केलं?” आजी मटकन खुर्चीत बसल्या. “साईनाथनं?”

“हो. तुमची सोन्याची साखळी घेतली आणि विकली म्हणाला.”

आजींनी बाकावर जेवणाऱ्या त्या मुलाकडं पाहिलं. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले.

“सोन्याची साखळी माझ्याकडं होतीच कधी?” त्या म्हणाल्या. “मी तर मिक्सर गेला म्हणून सांगणार होते.”