गाडीतली पसंती

‘आलोच गं,’ असं शेजारच्या सीटकडे बघून म्हणत आप्पांनी गाडी बंद केली, दार लावलं आणि ते रंगाच्या दुकानात शिरले.

शेजारची सीट रिकामी होती. बायकोला जाऊन तीन महिने होत आले होते. मागच्या सीटवर ढब्बू मात्र होता. नावासारखाच जाडजूड, आणि कुत्र्यांच्या हिशेबाने आप्पांपेक्षाही म्हातारा. बाहेर ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एसी लावून आल्यामुळे काचा बंद होत्या. आप्पा उतरल्यावर काचा खाली घ्यायच्या, दारं सताड उघडायची, हे काम पहिल्यापासून बायकोचं.

आता कुणी म्हणेल, माणूस इतका कसा विसरतो? विसरतो बुवा. जन्माची सवय ती, अशी थोडीच सुटते.

घरात पहिलं कुत्रं आलं तेव्हाच तिने बजावलं होतं, ‘याला गाडीत एकटं सोडायचं नाही. सावली असो, काच उघडी असो, दोन मिनिटांचं काम असो. गाडीची भट्टी व्हायला वेळ लागत नाही.’ तेव्हापासून कुत्री बदलली, गाड्या बदलल्या, नियम तोच. ती कुत्र्याजवळ बसायची आणि आप्पा दुकानातून एकेक वस्तू तिला दाखवायला आणायचे. पडद्याचं कापड आणलं, फरशीचा तुकडा आणला, एकदा तर कमोडचं झाकण डोक्यावर धरून भर रस्त्यातून आणलं होतं. ती चष्मा कपाळावर चढवून बघायची आणि म्हणायची, ‘हे कुठून शोधून काढलंत? परत करा.’ मग आप्पा परत आत. अख्खं घर असं गाडीत बसून पसंत झालेलं. आप्पा वैतागायचे, पण त्या खेपा घालण्यात जी गंमत होती ती नंतर कशातच आली नाही.

‘स्वयंपाकघराला ना? मग पिवळ्यातच बघा,’ दुकानदारीणबाईंनी शेडकार्ड पुढे सरकवलं. ही मुलगी फ्रॉक घालून बापाच्या गल्ल्याशेजारी बसायची तेव्हापासून आप्पा इथलं गिऱ्हाईक.

पंख्याखाली बसून आप्पांनी घोटभर पाणी घेतलं, पानं उलटली, परत पहिल्या पानावर आले. ‘हा बरा वाटतोय. की हा?’

‘दोन्ही छान आहेत. तुम्ही म्हणाल तो.’

‘मी काय म्हणणार? थांब, हिला दाखवून आणतो.’

बाईंचा हात गल्ल्यावर तसाच राहिला. त्या काही बोलायच्या आत आप्पा उठून चालूही लागले होते.

दोन पिवळ्यांमध्ये बोट घालून ते उन्हातून झपझप निघाले. आज नावं ठेवून दाखव म्हणावं, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर होतं. तिच्या बाजूच्या खिडकीशी ते वाकले. काच बंद होती आणि सीटवर कुणी नव्हतं. मग त्यांनी खाली बघितलं. ढब्बू पुढे येऊन, तिचे पाय असायचे तिथे आडवा पडला होता. जीभ बाहेर, तोंडाला फेस. आप्पांना बघूनही त्याने मान उचलली नाही.

आप्पा खिसे चाचपू लागले. किल्ली या खिशात नाही, त्या खिशात नाही, शेवटी हातातच सापडली. दार उघडताच तोंडावर वाफ आली. ढब्बूला उचलणं हे काही एकट्याचं काम नव्हतं, पण दुकानदारीणबाई मागोमाग धावत आल्या होत्या. दोघांनी मिळून त्याला पंख्याखाली फरशीवर आणून ठेवलं.

बाईंनी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ‘बर्फ लावू नका,’ ते म्हणाले. ‘साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला, तो पिईल तेवढंच पाणी द्या. आणि गाडी गार करून लगेच इकडे निघा.’

बाईंनी गाडीची चारही दारं उघडून एसी चालू केला. आप्पा मगाने पाणी ओतत होते, पोटावर, पंजांवर, मानेवर. ‘माझी अक्कल कुठे चरायला गेली होती,’ ते पुटपुटत होते. ‘तिने हे एकच सांगितलं होतं मला. कुत्र्याला विसरलो नव्हतो गं मी. ती नाही, हे विसरलो.’

बाईंनी दुसरी बादली भरून आणली.

गाडी गार होत आली तसे ढब्बूने डोळे उघडले. मगातलं पाणी चाटलं, शिंकला, आणि ओल्या फरशीवर शेपूट एकदा आपटलं. आप्पा तिथेच भिंतीला टेकून बसले आणि पोराटोरासारखे रडले.

‘पुढच्या वेळी सरळ आत घेऊन या त्याला,’ बाई त्यांच्या हातातला मग घेत म्हणाल्या. ‘आमची कुत्र्याला कधीच ना नव्हती.’

‘कधीच?’

‘बाबा असल्यापासून नाही. तुम्ही इथे रंग चाळत बसायचात, तेव्हा मी काकूंना पाणी घेऊन बाहेर जायचे. दरवेळी सांगायचे, काकू, कशाला उन्हात बसता, कुत्र्याला घेऊन आत या.’

‘मला कधी बोलली नाही. काय म्हणायची?’

‘म्हणायच्या, नको गं. मी आत येऊन बसले, तर हे काहीतरी घेऊन माझ्याकडे लगबगीने येताना मला दिसणार कसे?’